हमरस्त्याकडे तोंड करून उभी असलेली शिल्पे: फिलिप्स येथील काँक्रीट पार्क

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात, उत्तरेकडील जंगलपट्ट्यात फिलिप्स हे लहानसे गाव आहे. गावाच्या दक्षिणेला राज्य महामार्ग १३ च्या अगदी कडेला, झाडांच्या सावलीत काँक्रीटची २३७ शिल्पे उभी आहेत. ती सारी फ्रेड स्मिथ या एकाच माणसाने घडवली. १८८६ मध्ये जन्मलेल्या स्मिथ यांनी उमेदीची वर्षे जंगलात लाकूडतोडीच्या कामात घालवली, पुढे शेती केली आणि मद्यालयही चालवले. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते आणि शिल्पकलेचे शिक्षण तर मुळीच मिळालेले नव्हते. १९४८ मध्ये, वयाची साठी उलटल्यावर, त्यांनी हे काम आरंभले आणि १९६४ मध्ये पक्षाघाताचा झटका येईपर्यंत ते चालू ठेवले.

प्रत्यक्ष पाहताना सर्वांत आधी लक्ष वेधून घेते ती काच. लाकडाचा सांगाडा, त्यावर तारेची जाळी, तिच्यावर काँक्रीटचे थर आणि ओल्या काँक्रीटमध्ये बसवलेले बाटल्यांचे, आरशांचे तुकडे, अशी ही साधी रीत आहे. मद्यालयात रोज रिकाम्या होणाऱ्या बिअरच्या बाटल्या घोड्याच्या अंगावरचा साज झाल्या, माणसांच्या कपड्यांवरची नक्षी झाल्या. अब्राहम लिंकन, लोककथांतला महाकाय लाकूडतोड्या पॉल बन्यन, स्वातंत्र्यदेवता, मूळनिवासी स्त्री-पुरुष, हरणे आणि गावातील लग्नाची वरात असे सगळे येथे एकाच मोलाने उभे आहेत. चेहरे सपाट, रुंद आणि गंभीर असून शरीररचनेची प्रमाणे शोधू गेल्यास ती सापडत नाहीत. तरीही बिअरच्या गाड्याला जुंपलेल्या क्लाइड्सडेल घोड्यांसमोर उभे राहिले, की त्यांचे वजन आणि ओढ दोन्ही जाणवतात. ही शिल्पे आपण का घडवली हे कोणालाच, अगदी आपल्यालाही, ठाऊक नाही, असे स्मिथ म्हणत असत.

१९७६ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर अशा कलास्थळांचे जतन करणाऱ्या कोलर फाउंडेशन या संस्थेने ही जागा विकत घेतली. पुढच्याच वर्षी आलेल्या प्रचंड वादळात बहुतेक शिल्पांची मोडतोड झाली. आतले लाकूड कुजलेले असल्याने दुरुस्ती अवघड होती. तरीही ती नेटाने पूर्ण करून पार्क प्राइस काउंटीच्या, म्हणजे तेथील जिल्हा प्रशासनाच्या, स्वाधीन करण्यात आला. भेगांत शिरलेले पाणी दर हिवाळ्यात गोठून प्रसरण पावते, त्यामुळे डागडुजीचे काम कधीच संपत नाही. प्रवेश विनामूल्य आहे. परंतु या न संपणाऱ्या डागडुजीसाठी देणगीपेटीत यथाशक्ती रक्कम अवश्य टाकावी, आणि मुलांना शिल्पांवर चढू देऊ नये.

शिकागोहून मोटारीने साधारण सहा तास लागतात. सार्वजनिक वाहनाच्या भरवशावर येथे येऊ नये. मे अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंतचा काळ सोयीचा आहे. उन्हाळ्यात डासांवरचे मलम जवळ ठेवावे आणि शाकाहारी असाल तर शिदोरी बरोबर घ्यावी. ऊन तिरपे असताना काच चमकते, म्हणून सकाळी लवकर किंवा दुपार कलल्यावर पोहोचावे. मात्र संध्याकाळनंतर रस्त्यावर हरणे येतात, तेव्हा परतताना गाडी सावकाश चालवावी. गाडीतूनच छायाचित्रे घेऊन पुढे जाणारेही पुष्कळ असतात. निदान तासभर तरी पायी फिरावे आणि शिल्पांच्या पाठीमागूनही पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन.

हाती आणखी एक दिवस असल्यास सुमारे चार तासांवरील शेबॉयगनला जावे. तेथे २०२१ मध्ये उघडलेल्या ‘आर्ट प्रिझर्व्ह’ या संग्रहालयात अशाच स्वयंशिक्षित कलावंतांची कामे जपलेली आहेत आणि त्यांत चंडीगढचे रॉक गार्डन उभारणाऱ्या नेकचंद यांच्या आकृतीही आहेत. रस्तेबांधणी खात्यातील या निरीक्षकाने फुटक्या बांगड्या आणि चिनी मातीच्या तुकड्यांतून घडवलेली माणसे स्मिथ यांच्या माणसांची सख्खी भावंडे शोभतील. संग्रहालयाने त्यांची निगा उत्तम राखली आहे; पण रस्त्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्यांसाठी घडवलेली वस्तू रस्त्याच्या कडेलाच पूर्ण कळते, असे माझे मत झाले. म्हणून आधी फिलिप्स पाहावे, शेबॉयगन नंतर. संग्रहालयाचे सुटीचे वार निघण्यापूर्वी तपासून घ्यावेत.