विलीज पिकअपला पुढून डिस्क ब्रेक

आमची विलीज पिकअप वडिलांनी यंत्रमागाच्या सुताच्या गाठी वाहायला घेतली होती. चारही चाकांना ड्रम ब्रेक, सगळ्यांना मिळून ब्रेक तेलाची एकच लाइन, पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नाही. गावात ठीक चालायचं. पण तुळजापूरचा घाट उतरताना पहिला ब्रेक झकास, दुसरा बरा आणि मग पायडल खाली. ड्रम तापला की फुगतो आणि त्याला आतून दाबणाऱ्या शूपासून लांब जातो, वर शूच्या तापलेल्या लायनिंगची पकडही सुटते. पावसात एका ड्रममध्ये पाणी शिरलं की गाडी दुसरीकडे ओढणार, ते वेगळंच. ब्रेक मारला की वजन पुढे येतं, म्हणून बदल आधी पुढच्या चाकांना.

अक्कलकोट रोडला आमचे जुने मिस्त्री आहेत. ते म्हणाले, "मालक, डिस्क चढवून देतो. पण मास्टर सिलिंडर जुनाच ठेवायचा असेल तर मी हात लावणार नाही." अगदी खरं बोलले. (मास्टर सिलिंडर म्हणजे पायडल दाबलं की तेल लाइनमध्ये ढकलणारा भाग.) अनेक जुन्या जीपना नुसत्या डिस्क लावलेल्या दिसतात आणि मालक म्हणतो, पायडल दगडासारखं कडक लागतं. लागणारच. ड्रममध्ये पुढचा शू चाकाच्या फिरण्यानेच आत ओढला जातो, पायाला फुकट मदत मिळते. डिस्कला ती नाही, म्हणून बूस्टर हवा. आमचं पेट्रोल इंजिन मूळचंच असल्याने बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम इंजिनच्या मॅनिफोल्डवरून घेता आला. डिझेल इंजिन बसवलेल्या जीपला व्हॅक्यूम पंपवाला अल्टरनेटर लागतो. डिस्कवर पॅड दाबणाऱ्या कॅलिपरचे पिस्टन मोठे, त्यांना तेलही जास्त लागतं, म्हणून जुना मास्टर सिलिंडर पुरत नाही. दोन वेगळ्या लाइनींचा टँडम मास्टर सिलिंडर घेतला, म्हणजे एक लाइन फुटली तरी दुसरी शिल्लक राहते.

मला सगळ्यात आवडलेला भाग आहे रेसिड्यूअल व्हॉल्व्हचा. ड्रमच्या लाइनमध्ये हा बारका व्हॉल्व्ह पाय काढल्यावरही साधारण १० पीएसआय दाब धरून ठेवतो. त्यामुळे शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरमधल्या रबरी कपांच्या कडा पसरलेल्या राहतात, हवा आत शिरत नाही. कॅलिपरला हाच दाब नडतो. तिथे पिस्टन मागे घ्यायला स्प्रिंग नसते. पिस्टनभोवतीचं चौकोनी छेदाचं रबरी सील दाबाखाली मुरडतं आणि दाब सुटला की सरळ होताना पिस्टनला केसभर मागे घेतं. एवढ्यावरच सगळं चालतं. लाइनमध्ये १० पीएसआय राहिला की पॅड घासत राहतात आणि हबला हात लावता येत नाही. पण विलीजचा मास्टर सिलिंडर पायाखाली, चासीला असतो. तेल उलटं उतरू नये म्हणून तिथे डिस्कच्या लाइनलाही २ पीएसआयचा व्हॉल्व्ह हवा. म्हणजे पुढे २, मागच्या ड्रमना १०. शिवाय मागच्या लाइनमध्ये मागचा दाब कमी ठेवणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह टाकला, नाहीतर ओल्या रस्त्यावर रिकामी पिकअप मागची चाकं लॉक होऊन फिरते.

लेथचं काम हबचं आणि कॅलिपर धरणाऱ्या ब्रॅकेटचं. ब्रॅकेट ड्रममागच्या बॅकिंग प्लेटच्याच बोल्टांवर बसवले, वेल्डिंग कुठेही नाही. २०२१ च्या केंद्राच्या नियमांत व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असावी लागते. म्हणून ड्रमना तेलाचा हात फिरवून, शू मात्र कोरडे गुंडाळून ठेवलेत. कधीही परत चढवता येतील.

कॅलिपर बसवलात की हवा काढायचं ब्लीडर निपल वरच्या बाजूला आहे ना, ते बघा. डावा-उजवा अदलाबदल झाला तर निपल खाली जातं, मग कितीही पंप मारा, एअर निघत नाही. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून होज ताणला जात नाही ना, तेही बघा. ब्रेक तेल डॉट ४ ग्रेडचं भरलं. त्याचा उकळबिंदू नव्या डब्यात किमान २३० अंश, डॉट ३ चा २०५. आपल्या एप्रिल-मे महिन्यांत हा फरक कामाचा.

आता घाटात खालच्या वळणापर्यंत पायडल त्याच उंचीवर राहतं. विलीजचा हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) मागे वेगळ्या ड्रमवर असतो, त्याला या कामात हात लावला नाही. लायनिंग झिजलंय, पुढचा नंबर त्याचा.