काचेवरचे जीपीएस आणि खानदेशातले रस्ते

माझ्या भाच्याने नुकतीच केळीच्या वाहतुकीसाठी पिकअप गाडी घेतली आणि आठवडाभरातच त्याचा फोन आला. "मामा, तुमच्या गाडीत काचेला चिकटवलेलं ते जीपीएसचं यंत्र होतं ना, तसं घेऊ का? की मोबाइलच पुरे?" फोनवर दिलेले उत्तर अर्धवट राहिले, म्हणून येथे सविस्तर लिहितो आहे. केळीच्या बागा पाहण्याच्या नोकरीनिमित्त रावेर, यावल, चोपडा, शहादा या पट्ट्यात मी १४ वर्षे गाडी चालवली आणि त्यातील बहुतेक काळ पाच इंची पडद्याचे एक यंत्र माझ्या डोळ्यांसमोर होते. त्याने मला वेळेवर पोहोचवले तसे अनेकदा फसवलेही. आणि फसलो तेव्हा त्यात आकाशातल्या उपग्रहांचा दोष क्वचितच असे.

दुकानात आपण पडदा किती इंची, आवाज किती मोठा, हे पाहतो. पण अशा यंत्रात दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र नांदत असतात, हे आधी ध्यानात घ्यायला हवे. पहिली म्हणजे आपण पृथ्वीवर नेमके कोठे आहोत हे ओळखणे. अमेरिकेच्या जीपीएस यंत्रणेचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून स्वतःचे स्थान आणि अचूक वेळ सतत प्रसारित करत असतात. आपले यंत्र ते संदेश केवळ ऐकते आणि संदेश पोहोचायला किती वेळ लागला यावरून प्रत्येक उपग्रहाचे अंतर काढते. अक्षांश, रेखांश, उंची आणि यंत्राच्या स्वतःच्या स्वस्त घड्याळातली चूक अशा चार गोष्टी शोधायच्या असल्यामुळे निदान चार उपग्रह दिसावे लागतात. मे २००० च्या आरंभापर्यंत नागरी वापराच्या संदेशांत मुद्दाम चूक मिसळलेली असे आणि स्थान १०० मीटरपर्यंत चुकत असे. ती मिसळणे बंद झाल्यापासून मोकळ्या आकाशाखाली काही मीटरांपर्यंतची अचूकता साध्या यंत्रालाही मिळते आणि त्यासाठी कोणाला वर्गणी द्यावी लागत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे नकाशा, आणि पैसे पडतात ते त्याचे. उपग्रहाला रस्ता, पूल, गाव यांतले काही ठाऊक नसते. ते सगळे कोणीतरी कधीतरी पाहून, मोजून यंत्रात भरलेले असते. म्हणून यंत्र निवडताना माझा पहिला प्रश्न नेहमी हाच असतो, की आतला नकाशा कोणत्या वर्षाचा आहे आणि पुढचा नकाशा किती रुपयांना, किती दिवसांनी मिळणार आहे. माझ्या जुन्या यंत्रात सुरत-धुळे-नागपूर महामार्गाचा क्रमांक ६ होता आणि नाशिक-धुळे-इंदूर रस्त्याचा ३. राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक २०१० मध्ये नव्याने ठरवले गेले. त्यानुसार सुरत-नागपूर रस्ता ५३ झाला, धुळ्याहून नाशिककडे जाणारा ६० झाला, तर धुळ्याहून उत्तरेला शिरपूरकडे आणि दक्षिणेला चाळीसगावकडे जाणारा ५२ झाला. रस्त्यावरची पाटी एक आकडा सांगते आणि यंत्र दुसराच बोलते, तेव्हा नवख्या चालकाने कोणावर विश्वास ठेवावा? चौपदरीकरणानंतर तर धुळे-जळगाव-भुसावळ मार्गावर कितीतरी ठिकाणी नवे वळणरस्ते आणि उड्डाणपूल झाले. जुन्या नकाशात त्यांच्यावरून जाताना आपली गाडी कापसाच्या शेतातून चाललेली दिसते आणि आतली बाई दर दोनशे मीटरांना मागे फिरायला सांगत राहते. शहरांची नावे बदलतात ते वेगळेच. छत्रपती संभाजीनगर शोधायचे तर जुन्या यंत्रात औरंगाबादच लिहावे लागते.

खोक्यावर "आजीवन नकाशे मोफत" असे छापलेले असले तरी ते आजीवन म्हणजे आपले आयुष्य नव्हे. कंपनी जोवर त्या मॉडेलसाठी नकाशे काढते तोवरचे ते आयुष्य असते, आणि नव्या नकाशाला यंत्रातली साठवणुकीची जागा पुरेनाशी झाली की तेही संपते. मेमरी कार्ड घालण्याची सोय असलेले यंत्र म्हणूनच घ्यावे.

आपल्याकडचा खरा घोळ गावांच्या नावांत आहे. एका नावाची दोन गावे असली की सरकारी कागदात मोठ्याला बुद्रुक आणि लहानाला खुर्द म्हणतात, यंत्रात त्यांची इंग्रजी आद्याक्षरे येतात आणि लोकांच्या तोंडी मात्र 'मोठे वाघोदे', 'लहान वाघोदे' अशी नावे असतात. हिंगोणे म्हणावे तर ते यावल तालुक्यातही आहे आणि अमळनेर तालुक्यातही. शिवाय जुन्या परगण्यांची आठवण म्हणून नावापुढे लागलेला 'प्र. चाळीसगाव' किंवा 'प्र. अ.' असा शेपटा वेगळा. इंग्रजी वर्णलेखनाचे हाल याहून मोठे आहेत. भुसावळ, यावल, शहादा यांची इंग्रजी स्पेलिंगे प्रत्येक नकाशाकार आपल्या मर्जीने करतो आणि एका अक्षराच्या फरकाने यंत्र "असे गाव नाही" म्हणून मोकळे होते. विकत घेण्याआधी दुकानातच आपल्या रोजच्या फेरीतली दहा आडगावे त्यात शोधून पाहावीत. मुंबई-पुणे तर सगळ्यांतच सापडतात. दहांपैकी सात मिळाली तर ते यंत्र बरे समजावे. शोधताना आधी तालुका आणि मग गाव, हा क्रम मला सर्वांत उपयोगी पडला.

गाव मिळत नसेल तेव्हा अक्षांश-रेखांश घालणे हा उत्तम मार्ग आहे, पण त्यातही एक खड्डा आहे आणि मी त्यात पडलो आहे. एका बागायतदाराने चोपड्याजवळच्या आपल्या मळ्याचे स्थान कागदावर २१ अंश १५ मिनिटे उत्तर, ७५ अंश १८ मिनिटे पूर्व असे लिहून दिले होते. माझे यंत्र दशांश अंशांत आकडे घेत होते, आणि मी २१.१५ व ७५.१८ असे टाकून मोकळा झालो. अंशाला ६० मिनिटे असतात. त्यामुळे १५ मिनिटे म्हणजे पाव अंश, अर्थात २१.२५, आणि १८ मिनिटे म्हणजे ०.३०. एवढ्या चुकीने मी दक्षिणेला ११ आणि पश्चिमेला १२ किलोमीटर सरकलो, म्हणजे सरळ रेषेत १६-१७ किलोमीटर दूर, आणि तिकडे बागायतदार चहा ठेवून वाट पाहत बसलेले. यंत्राच्या सेटिंगमध्ये आकड्यांची पद्धत बदलता येते. ती एकदा ठरवून घ्यावी आणि स्थान पाठवणाऱ्यालाही त्याच पद्धतीने पाठवायला सांगावे.

आता गिरणाकाठची गोष्ट. भडगावहून एरंडोलकडे निघालो होतो, श्रावणातली दुपार होती आणि यंत्रात मार्गाची निवड 'सर्वांत कमी अंतर' अशी राहून गेली होती. त्या निवडीत यंत्राला डांबरी रस्ता आणि गाडवाट सारखीच. जिथे दोन किलोमीटर वाचतात तिकडे ते नेते. मुख्य रस्ता सोडून मी पाटाच्या कडेने निघालो, पुढे दोन शेतांच्या बांधामधली वाट लागली आणि काळ्या मातीत चाके माखू लागली, तरी पडद्यावरची जांभळी रेघ ठामपणे सरळ पुढे, गिरणेच्या पलीकडे गेलेली होती. उन्हाळ्यात कोरड्या पात्रातून बैलगाड्या आणि ट्रॅक्टर उतरत असतील, कोणीतरी ती वाट नकाशात रस्ता म्हणून ओढली असेल. मी पोहोचलो तेव्हा नदी दुथडी नसली तरी चांगली कमरेएवढी वाहत होती. काठावर म्हशी धूत असलेल्या गृहस्थांनी माझ्याकडे आणि काचेवरच्या यंत्राकडे आळीपाळीने पाहिले आणि एवढेच म्हणाले, "रस्ता नही शे, भाऊ." त्यानंतर त्यांनीच दोन पोरांना हाक मारून चिखलातली गाडी ढकलून दिली. त्या दिवशी घरी आल्यावर मी 'सर्वांत कमी वेळ' ही निवड कायमची केली आणि 'कच्चे रस्ते टाळा' या चौकोनात खूण केली. खानदेशात पावसाळ्याच्या चार महिन्यांत फरशी पूल पाण्याखाली जातात, ही माहिती कोणत्याही नकाशात नसते. ती पानटपरीवर मिळते.

यंत्राच्या अंगची कुवत पाहायची तर ते जीपीएसखेरीज रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बायडू यांपैकी कोणत्या यंत्रणा ऐकते, हे पाहावे. सपाट तापीकाठी याने काही अडत नाही, पण कन्नड घाटात किंवा तळोद्याहून धडगावला जाणाऱ्या चांदसैली घाटात अर्धे आकाश डोंगराने झाकलेले असते. कड्यावर आपटून उशिरा आलेला संदेश यंत्राला गोंधळात टाकतो आणि आपण वरच्या वळणावर असताना ते खालचे वळण दाखवते. जास्त यंत्रणा म्हणजे जास्त उपग्रह दिसण्याची शक्यता. भारताच्या स्वतःच्या 'नाविक' (NavIC) नावाच्या यंत्रणेचे उपग्रह तर कायम आपल्याच उपखंडाच्या आकाशात राहतील अशी त्यांची रचना आहे, आणि मे २०२३ मध्ये गेलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहापासून ते छोट्या यंत्रांना सोयीच्या वारंवारतेवरही संदेश देऊ लागले. यंत्र घेताना त्याची चौकशी जरूर करावी, परंतु जुन्या नकाशाचे यंत्र केवळ त्या एका शब्दासाठी घेऊ नये.

बरेच दिवस बंद असलेले यंत्र सुरू केल्यावर "उपग्रह शोधत आहे" असे दाखवत बसते, तेव्हा ते बिघडले असे समजू नये. प्रत्येक उपग्रहाच्या कक्षेची ताजी माहिती त्याच उपग्रहाकडून ऐकायला सुमारे ३० सेकंद लागतात, आणि सर्व उपग्रहांचे पूर्ण वेळापत्रक यायला साडेबारा मिनिटे. मोबाइल ही माहिती नेटवर्कवरून आधीच मागवून घेतो, म्हणून तो चपळ वाटतो. अशा वेळी गाडी उघड्या जागी उभी करून थोडे थांबावे. चालत्या गाडीत, झाडांखालून आणि वळणांवरून, तेच काम दुप्पट वेळ खाते.

जुने यंत्र स्वस्तात मिळत असेल तर आधी त्यावरची तारीख पाहावी. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवड्याचा क्रमांक ० ते १०२३ एवढाच मावतो. तो ऑगस्ट १९९९ मध्ये एकदा शून्यावर आला आणि आपल्या वेळेनुसार ७ एप्रिल २०१९ च्या पहाटे दुसऱ्यांदा आला. ज्या जुन्या यंत्रांच्या प्रणालीत त्याची तजवीज नव्हती आणि ज्यांना नंतर दुरुस्तीही मिळाली नाही, ती साडेएकोणीस वर्षांहून अधिक मागची तारीख दाखवतात. तसे दिसले तर कंपनीने त्या मॉडेलकडे पाहणे केव्हाच सोडले आहे असे समजावे. नकाशाही नवा मिळणार नाही.

आमच्याकडच्या उन्हाबद्दल माहितीपत्रकात काहीच नसते. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की बंद गाडीतली उष्णता त्याहून कितीतरी चढते, आणि काचेला चिकटलेले यंत्र तर भट्टीतच असते. लिथियम बॅटरी ४५ अंशांपुढे चार्ज करणे तिला मानवत नाही. माझ्या पहिल्या यंत्राची बॅटरी दुसऱ्याच उन्हाळ्यात फुगली आणि पडदा एका बाजूने उचलला गेला. तेव्हापासून गाडी सोडताना यंत्र काढून पिशवीत घालून नेण्याची सवय लागली. उन्हात काचेवरचा रबरी चोषकही सुटतो आणि नेमक्या वळणावर यंत्र पायाशी, ब्रेकजवळ पडते; त्यापेक्षा डॅशबोर्डवर घट्ट बसणारा स्टँड बरा. यंत्र नजरेच्या किंचित खाली, पण रस्ता झाकणार नाही अशा जागी हवे. पत्ता गाडी सुरू करण्याआधीच टाकावा. ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमानुसार हातातले उपकरण केवळ मार्ग पाहण्यासाठी, आणि चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने वापरण्यास मुभा आहे. एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्याने अक्षरे टाइप करणे त्यात बसत नाही. चार्जर १२ आणि २४ व्होल्ट दोन्हींवर चालणारा घ्यावा, म्हणजे उद्या ट्रकमध्ये बसवले तरी अडणार नाही.

राहिला मोबाइल. रोजच्या जळगाव-भुसावळसाठी तो पुरेसा आहे, आणि वाहतुकीची ताजी खबर तर यंत्रापेक्षा तोच चांगली देतो. मात्र सातपुड्यात शिरल्यावर नेटवर्क जाते. पुष्कळांचा समज असतो की नेटवर्क गेले की जीपीएसही गेले. प्रत्यक्षात फोनला आपली जागा तेव्हाही कळत असते, फक्त ती दाखवायला नकाशा उरत नाही आणि कोऱ्या पडद्यावर एक निळा ठिपका सरकत राहतो. घरून निघतानाच तोरणमाळ, धडगाव, मोलगी हा भाग फोनमध्ये उतरवून घेतला तर ही अडचण बरीचशी दूर होते. तरीही तापलेला फोन मध्येच बंद पडतो आणि व्यापाऱ्याचा फोन आला की नेमक्या फाट्यावर नकाशा झाकला जातो. ज्याचे पोट गाडीवर आहे त्याने स्वतंत्र यंत्र ठेवावे आणि फोन जोडीला असू द्यावा, असे माझे मत आहे. यंत्राने सांगितलेल्या वेळेवर मात्र घाटात विसंबू नये. ते एक तास म्हणाले तर मी दोन धरतो.

भाच्याला मी नवे यंत्र घेऊ दिले नाही. माझेच यंत्र, पैसे भरून नवा नकाशा घालून, त्याच्या गाडीत बसवून दिले. बसवताना सहज गिरणेकडे नकाशा सरकवून पाहिला, तर ती नदीपार जाणारी रेघ नव्या नकाशातही जशीच्या तशी आहे. फक्त तिच्या अलीकडच्या काठावर मी त्या वर्षी साठवून ठेवलेली खूण अजून शाबूत आहे, इंग्रजी अक्षरांत लिहिलेली: "पूल नाही".