स्केटपार्क बांधताना अडलेली फाईल

देणगीत आलेल्या ६० गोण्यांपैकी २२ गोण्यांमधलं सिमेंट गाठी धरून वाया गेलं. वर पत्रे होते, खाली फळ्या होत्या, प्लास्टिक गुंडाळलं होतं. पण सिमेंट हवेतला ओलावा ओढतंच आणि तीन महिन्यांनंतर त्याचा भरवसा राहत नाही. आमची फाईल अडकली सात महिने. पहिल्याच दिवशी माल पाठवणाऱ्या देणगीदाराला हे सांगताना मला फार वाईट वाटलं. म्हणून आधीच सांगते, परवानगी हातात येईपर्यंत माल घेऊ नका, नुसता शब्द घ्या.

जागा पडीक होती, हात राबायला तयार होते, वर्गणीही वाटलं होतं त्याआधी जमली. अडलं ते एकाच प्रश्नावर: याला बाग म्हणायचं की मैदान? अर्जात स्केटबोर्डिंगसाठी, म्हणजे चाकं लावलेल्या फळीवर उभं राहून उतारांवर खेळायच्या खेळासाठी, रकानाच नव्हता. उद्यानाच्या टेबलावरून फाईल खेळाच्या टेबलावर गेली, तिथून 'हे तर बांधकाम' म्हणून तिसऱ्या टेबलावर. दर वेळी नवा माणूस आणि दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगायचं. एकाने विचारलं, हा खेळ तरी आहे का? म्हटलं, २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकपासून याला पदकं आहेत. त्यांना ते पटलं. मग विचारलं, मूल पडलं तर जबाबदार कोण? प्रश्न रास्तच होता. पण तो पाचव्या महिन्यात विचारला, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

एव्हाना आमच्यातलीच पोरं म्हणायला लागली, अमेरिकेतल्या पोर्टलंडला १९९० साली बर्नसाइड पुलाखाली स्केटरांनी कुणाला न विचारता बांधायला घेतलं, शहराने नंतर मान्यता दिलीच ना? खरं आहे ते. पण इथे लोकांच्या वर्गणीचा पैसा होता; एक नोटीस आली असती तर सगळं पाडावं लागलं असतं. मी ऐकलं नाही. दोन आठवडे आमचं बोलणं बंद होतं.

फाईल शेवटी हलली ती उभ्या छेदाच्या नकाशाने. तोवर आम्ही वरून दिसणारा आराखडाच जोडत होतो आणि साहेबांना तो खोल खड्डा वाटत होता. छेदात दिसलं की सर्वांत उंच भाग १.२ मीटरच आहे, उतार गोलाईचा आहे, पाण्याला ढाळ आहे, तळाशी निचऱ्याची जाळी आहे. खाली इंजिनिअरची सही, सोबत देखभाल कोण करणार याचं पत्र. अकरा दिवसांत परवानगी मिळाली. हे दोन कागद पहिल्याच अर्जाला जोडा.

बांधकाम त्यामानाने सरळ गेलं. सपाट भाग कुठलाही गवंडी करतो. गोलाईसाठी प्लायवूडचा साचा कापून त्यावरून काँक्रीट ओढावं लागतं. मिश्रण घट्टच हवं, पातळ झालं की उतारावरून खाली येतं. काठावरचा लोखंडी पाइप, म्हणजे कोपिंग, ६ ते १० मिलिमीटरच बाहेर डोकावला पाहिजे. आमचा एका टोकाला जास्त आलाय, तिथे बोर्ड अजून अडतो. आणि हो, पाणी मारायच्या पाळ्या लिहून लावा. निदान सात दिवस काँक्रीट ओलं राहायला हवं. पहिल्याच रात्री प्रत्येकाला वाटलं, दुसरा गेला असेल.

ठरलेली ताकद यायला २८ दिवस धरतात. सात महिने थांबलेल्या पोरांना आणखी थांबवणं सोपं नव्हतं. रोज संध्याकाळी मी स्वतः दोरीपाशी उभी राहायचे.