भटारखान्यात थर्मामीटर हवा, आणि तो बघणाऱ्याला बोलता यायला हवं

हॉटेलवाल्यांशी क्वालिटीचा विषय काढला की पहिलं उत्तर ठरलेलं, "आमच्या आचाऱ्याच्या हाताला चव आहे." असेल, नक्की असेल, पण समोरच्याने दोन हजार जास्त देऊन तो फोडला तर? आणि दुसरं म्हणजे ज्या अन्नाने लोक आजारी पडतात त्याला बऱ्याचदा ना वास येतो ना चव बदललेली असते, त्यामुळे चमचाभर हातावर घेऊन चाखण्याला क्वालिटी चेक म्हणता येत नाही.

मी पिंपरी-चिंचवडला ऑटो पार्ट्सच्या क्वालिटीत काम करतो, तिथे शेवटी पार्ट तपासून दर्जा येत नाही, तो मशीनवर बनतानाच सांभाळावा लागतो हे सगळ्यांना पाठ आहे. खाण्याच्या धंद्यातही हे फार जुनं आहे. 1960 च्या दशकात नासाच्या अंतराळवीरांसाठी पिल्सबरी कंपनी जेवण बनवत होती तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की खात्री होईपर्यंत तपासायचं तर बॅचमधलं बहुतेक अन्न तपासण्यातच संपतं. मग त्यांनी उलटा विचार केला, धोका नेमका कुठल्या पायरीवर शिरतो ते शोधायचं आणि तिथेच पहारा ठेवायचा. त्यातूनच हॅसप ही पद्धत आली, जी आज जगभर चालते.

आता आपल्याकडचा भात घ्या. फ्राईड राइससाठी रात्री मोठा टोपभर भात शिजवतात आणि झाकण लावून ओट्यावर तसाच ठेवून देतात, कारण गरम टोप फ्रीजमध्ये ठेवायचा नाही हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, कोमट भातात ते रात्रभर वाढतात आणि जे विष तयार करतात ते दुसऱ्या दिवशी कढईत कितीही परतलं तरी जात नाही. उपाय साधा आहे, भात उथळ परातींमध्ये पसरायचा, लवकर गार करायचा आणि फ्रीजमध्ये टाकायचा. गरम ते 60 अंशांच्या वर, गार ते 5 च्या खाली, मधल्या पट्ट्यात कमीत कमी वेळ. मिसळीच्या कटाचंही तेच, दुपारपर्यंत गॅसवर उकळत असतो तोवर ठीक, गॅस बंद करून संध्याकाळपर्यंत मोठ्या पातेल्यात कोमट पडून राहतो ती खरी भीती.

तेलाचं सांगायचं तर एफएसएसएआयने, म्हणजे देशातल्या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेने, 1 जुलै 2018 पासून तळणीच्या तेलात टोटल पोलर कंपाउंड्स (तेल पुन्हापुन्हा तापवून खराब होताना तयार होणारे घटक) 25 टक्क्यांच्या वर चालणार नाहीत असा नियम केलाय, आणि रोज 50 लिटरपेक्षा जास्त तेल लागत असेल तर नोंदी ठेवणंही आलं. जुन्यात नवीन तेल ओतत राहणं हा काही उपाय नाही.

पण मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते नोंदवहीबद्दल. फ्रीजशेजारी टांगलेली तापमानाची वही उघडा, महिनाभर 4, 4, 4, 4 अंश, एकाच पेनने, एकाच हाताने. अशी वही नसलेली बरी, कारण तिच्यामुळे मालक निर्धास्त होतो. आणि पोरगा खोटं का लिहितो? 9 लिहिलं तर फ्रीज का बिघडला म्हणून त्यालाच शिव्या बसतात. क्वालिटीच्या क्षेत्रातले अमेरिकन तज्ज्ञ डेमिंग यांनी आपल्या 14 मुद्द्यांत आठवा मुद्दा हाच सांगितलाय, कामाच्या जागेवरची भीती घालवा. 9 लिहिणाऱ्या पोराला शाबासकी देऊन लगेच मेकॅनिकला फोन लावणारा मालक मला कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा जास्त भरवशाचा वाटतो.

आजारपणाचंही असंच आहे. लायसनच्या अटींप्रमाणे कामगारांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी होते, फाईलला कागद लागतो, पण आज सकाळी ज्या पोराला जुलाब लागलेत त्याचं काय, तो खाडा कापला जाईल म्हणून कामावर येतो आणि कोशिंबिरीची काकडी चिरायला बसतो. त्याला दोन दिवस भरपगारी घरी बसवा, पाचसातशे रुपये जातील, आणि हा खर्च क्वालिटीच्या खात्यात लिहा कारण तो तिथलाच आहे.