आओरिता

मेक्सिकोत दुभाषाचं काम सुरू केलं तेव्हा पहिल्या आठवड्यात जो शब्द कानावर आदळला तो 'आओरिता'. शब्दकोशात अर्थ 'आत्ता'. व्यवहारात आत्ता, तासाभराने, उद्या किंवा जन्मात नाही, यांतलं काहीही. नऊ वर्षं या देशात काढली, तरी त्या दिवशी मी फसलेच.

चाकणहून तिघे आले होते, गाड्यांचे सुटे भाग बनवणारे. मेक्सिको सिटीच्या दक्षिणेला, डोंगर उतरून गेलं की कुएर्नावाका लागतं. तिथे एका जपानी मोटारकंपनीचा कारखाना १९६६ साली सुरू झाला होता आणि त्याच्या आधाराने जगणारी बरीच छोटी वर्कशॉप्स होती. अशाच एका वर्कशॉपमध्ये नमुन्याचे भाग तपासायचे होते. मोटारकंपनीकडून एक जपानी साहेब आलेले, निवृत्तीला टेकलेले. त्यांच्याशी इंग्रजी, वर्कशॉपवाल्यांशी स्पॅनिश आणि चाकणकरांशी मराठी, अशी माझी कसरत.

सकाळी नऊ वाजता सुपरवायझर म्हणाला, भाग रंगवायला गेलेत, आओरिता येतील. मी सवयीने "आत्ता येतायत" सांगून मोकळी झाले. म्हणून कोणी बसलंच नाही. साडेदहा झाले तरी सगळे टेबलाभोवती उभे. शेवटी चाकणच्या साहेबांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "ताई, तो नेमकं काय म्हणाला होता?"

दुभाषाला याहून बोचरा प्रश्न नाही.

भाग तीनच्या आत येत नाहीत असं कळल्यावर जपानी साहेबच म्हणाले, चला, कॅथेड्रल बघून येऊ. तरुणपणी त्यांची इथे नेमणूक होती, तेव्हा एकदा पाहिलं होतं म्हणे. चाकणकरांना देवळापेक्षा जेवणाची ओढ होती, पण आले.

हे कॅथेड्रल म्हणजे मुळात १५२०च्या दशकात सुरू झालेला फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या पंथातल्या साधूंचा, मठ. जाड भिंती, वर कंगोरे, बाहेरून गढीच वाटावी. आत मात्र लखलखाट काही नाही, मोकळं मोकळं. १९५०च्या दशकात दुरुस्तीसाठी भिंतींवरचे जुने थर खरवडले, तेव्हा खालून सतराव्या शतकातली चित्रं निघाली. दोन्ही बाजूंच्या लांबलचक भिंतींवर ती पसरली आहेत. रंग विटलेले, मधे मधे पोपडे गेलेले. गाड्यांतून नेले जाणारे, हात बांधलेले साधू. नावा, नावांत दाटीवाटीने बसलेली माणसं. आणि पुढे क्रूसांची रांग.

तिथला म्हातारा सेवक न विचारताच सांगू लागला. मी एक कान त्याच्याकडे देऊन भाषांतर करत होते. "नागासाकी. सव्वीस जण. ५ फेब्रुवारी १५९७."

आणि माझी जीभ अडखळली. ही तारीख मला पाठ होती. मी वसईची. आमच्या गासच्या चर्चला (आजी शेवटपर्यंत देऊळच म्हणायची) नाव संत गोन्सालो गार्सियांचं. बाप पोर्तुगीज, आई वसईची. जेझुइट पाद्र्यांबरोबर पोरवयात जपानला गेले, तिथली भाषा शिकले, काही वर्षं व्यापार केला, मग मनिलात फ्रान्सिस्कन झाले आणि नागासाकीला क्रूसावर गेले. सणाच्या प्रवचनात हे सगळं शंभरदा ऐकलेलं. पण त्या प्रवचनांत मेक्सिकोचं नाव कधी आलं नव्हतं. आणि मेक्सिकोत ५ फेब्रुवारी म्हणजे राज्यघटनेचा दिवस, एवढंच मला माहीत होतं.

सेवकाला त्या सव्विसांतला एकच ठाऊक होता: फेलिपे दे हेसुस, मेक्सिको सिटीत जन्मलेला, या देशाचा पहिला संत. मी म्हटलं, यातला एक माझ्या गावचा आहे. त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी आपण लग्नात न बोलावता आलेल्या नातेवाइकाकडे पाहतो.

भिंतीवरच्या अक्षरांत 'एम्पेरादोर ताइकोसामा' असं आहे, म्हणजे 'सम्राट ताइकोसामा'ने यांना ठार करण्याचा हुकूम दिला. मी तसंच इंग्रजीत सांगितलं. जपानी साहेब तोवर हात मागे बांधून गप्प उभे होते. ते म्हणाले, "ताइकोसामा म्हणजे हिदेयोशी, तेव्हाचा जपानचा सत्ताधीश. तो सम्राट नव्हता. सम्राट वेगळा, तो क्योतोत. ताइको ही निवृत्त कांपाकूची पदवी." कांपाकू म्हणजे सम्राटाच्या नावाने कारभार पाहणारा. मी मनात म्हटलं, म्हणजे छत्रपती आणि पेशवे यांतला घोळ. चाकणकरांना तसंच सांगितलं, लगेच पटलं. सेवकाला म्हटलं, साहेब म्हणतात इथे भाषांतर चुकलंय. तो म्हणाला, "असेल. पण इतकी वर्षं कोणी तक्रार केली नाही, सेन्योरा."

पुढची गोष्ट साहेबांना पक्की माहीत होती, कारण ती जपानातल्या तोसा प्रांताची आहे आणि त्यांचं आजोळ त्याच भागातलं. १५९६ साली मनिलाहून अकापुल्कोला निघालेलं 'सान फेलिपे' हे स्पॅनिश गलबत वादळांत सापडून तोसाच्या किनाऱ्याला लागलं. मेक्सिकोचा फेलिपे त्यावरच होता, पाद्रीपदाच्या दीक्षेसाठी घरी निघालेला. गलबतात आशियाचा माल ठासून भरलेला. दर वर्षी तसाच भरायचा: इथल्या खाणींची चांदी मनिलाला जायची, तिथून चीनला, कारण चीनमध्ये करसुद्धा चांदीत भरायचे, बदल्यात रेशीम अकापुल्कोला यायचं. १५६५ ते १८१५, अडीचशे वर्षं हा फेरा चालला. अकापुल्कोहून मेक्सिको सिटीला जाणारी खेचरं याच कुएर्नावाकावरून जात. नागासाकीची गोष्ट या आडगावच्या भिंतीवर कशी आली, ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं.

हिदेयोशीचं कोरियाशी युद्ध चालू होतं, पैशांची निकड होती. त्याने गलबतावरचा माल जप्त केला. असं सांगतात, की हिदेयोशीचा अधिकारी चौकशीला आला तेव्हा गलबताच्या सुकाणूवाल्याने त्याला जगाचा नकाशा दाखवला. आमच्या राजाचं राज्य बघा केवढं! एवढं कसं मिळवलं, असं विचारल्यावर म्हणे तो बोलून गेला, की आधी पाद्री जातात, मागून सैन्य जातं. हे वाक्य तो खरंच बोलला का, बोलला तर कुठल्या शब्दांत आणि मधल्या माणसाने त्याचं काय केलं, यावर इतिहासकार आजही भांडतात. साहेब सांगत होते, मी मराठीत उतरवत होते आणि त्या मधल्या माणसापाशी माझा आवाज जरा खाली गेला. सकाळचं 'आत्ता' अजून ताजं होतं.

त्या वाक्यानेच सगळं घडलं असं मी म्हणणार नाही. पाद्र्यांनी देश सोडावा असा हिदेयोशीचा हुकूम १५८७ सालीच निघालेला होता. पण पुढच्या काही महिन्यांत पकडापकडी झाली. डाव्या कानाचा तुकडा कापून, गाड्यांत बसवून शहरांतून धिंड काढली. मग भर थंडीत नागासाकीपर्यंत चालवत नेलं. सहा फ्रान्सिस्कन, बाकीचे वीस जपानीच. फेलिपे वादळामुळे जपानला लागलेला. आणि आमचे गोन्सालो? ते १५९३ साली फ्रान्सिस्कन पाद्री पेद्रो बाउतिस्ता यांच्याबरोबर मनिलाहून वकिलातीवर आले होते. कशासाठी, तर जपानी उत्तम येत होतं म्हणून. दुभाषी म्हणून.

हे लहानपणी ऐकलं होतं, पण 'दुभाषी' हा शब्द तेव्हा कानावरून गेला होता. प्रवचनात भर क्रूसावर, भाल्यावर. हिदेयोशीसमोर बसून एकाची मर्जी दुसऱ्याच्या भाषेत सांगताना त्या माणसाच्या तळहाताला घाम आला असेल, हे फादरनी कधी सांगितलं नाही. मी भिंतीजवळ जाऊन एकेक चेहरा पाहिला. त्यांतले आमचे कोणते, कळायला मार्ग नाही. सगळ्यांचे झगे सारखे, चेहरे अर्धे पुसलेले.

चाकणच्या साहेबांनी मोबाइलवर फोटो काढला आणि म्हणाले, "ताई, गावी पाठवा." पाठवला. आईचं उत्तर संध्याकाळी आलं: जेवलीस का?

बाहेर फळांच्या गाडीवर चिकू होते. इथे चिकोसापोते म्हणतात. आमच्या पुढच्या डहाणू-घोलवडच्या बागांतला चिकू मूळचा इकडचाच. जपानी साहेबांनी पहिल्यांदा खाल्ला आणि बिया हातात धरून आता या कुठे टाकू म्हणून विचारत राहिले.

तीनला परत आलो. टेबल रिकामंच. सुपरवायझर हसत सामोरा आला, हात पुसला आणि म्हणाला, आओरिता. चौघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं.

"तो 'आओरिता' म्हणाला," मी सांगितलं.

चाकणच्या साहेबांनी खुर्ची ओढली आणि बसले.