फायर पॉलिसीत वादळ येतं का?

येतं. पॉलिसीच्या नावात 'फायर' असल्यामुळे आमच्या आळीत निम्म्या लोकांनी ती वाचलीच नव्हती. घर जळलं नाही, मग विम्याचा काय संबंध, असं सरळ गणित. खरं तर जुन्या 'स्टँडर्ड फायर अँड स्पेशल पेरिल्स' पॉलिसीत वादळ, पूर, पाणी शिरणं हे सगळं असतं. हप्ता कमी व्हावा म्हणून कुणी ते कलम मुद्दाम काढून घेतलं असेल तरच नसतं.

आमच्याकडे ती पॉलिसी आहे हेसुद्धा कर्जाची फाईल काढल्यावर कळण्यासारखं होतं. दिवेआगरचं घर दुरुस्त करताना ह्यांनी बँकेचं कर्ज घेतलं होतं, आणि बँक कर्जासोबत विमा चिकटवतेच. ज्यांनी कधी घरासाठी कर्ज काढलंय त्यांनी आधी ती फाईल शोधा.

3 जून 2020 ला दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्यावर चढलं. ताशी 100 ते 110 किलोमीटरचा वारा, मधूनच 120 चा झोत. विहिरीजवळचा माड माजघरावर आडवा झाला, आढं मोडलं, वासे खाली आले. ओटीवरची कौलं तर वाडीत, म्हणजे घरालगतच्या बागेत, जाऊन पडली. वाडीत सुपाऱ्या कमरेत मोडलेल्या. सासूबाई कौलांकडे बघतच नव्हत्या, त्यांचं लक्ष सुपाऱ्यांकडे. कौलं नवी आणता येतात, सुपारी धरायला सहा-सात वर्षं लागतात.

पुढे जो घोळ मी घरोघरी पाहिला, तो असा. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक येऊन पंचनामा करून गेले की लोकांना वाटलं, विम्याचंही झालं. नाही. पंचनामा सरकारी मदतीसाठी. तेव्हा पूर्ण पडलेल्या घराची मदत 95,100 वरून दीड लाखावर नेली, बागांची हेक्टरी 18,000 वरून 50,000 वर. (हेक्टरी! आमच्याकडे वाड्या गुंठ्यांत मोजतात.) विम्यासाठी कंपनीचा सर्व्हेअर, म्हणजे नुकसान मोजणारा माणूस, वेगळा येतो, आणि कंपनीला तुम्ही कळवलंत तरच येतो. पंचनाम्याची नक्कल मात्र घेऊन ठेवा. वादळाने नुकसान झालं याचा तो चांगला पुरावा.

कळवायचं कसं? वीज नाही, मोबाइलला रेंज नाही. काही वस्त्यांत तर कित्येक आठवडे दिवे आले नाहीत. माणगावला निघालेल्या एकाकडे मी चिठ्ठी दिली, त्याने तिथून पुण्याला माझ्या दिरांना वाचून दाखवली, आणि त्यांनी कंपनीला मेल केला. पॉलिसी नंबर, तारीख, 'वादळात छप्पर मोडलं, माड पडला', आणि फोन कुणाचा लागेल तो नंबर. पहिल्या मेलला एवढं पुरतं. रक्कम लिहायची घाई करू नका. उत्तरात क्लेम नंबर येतो, तो जपायचा.

इकडे मृगाचा पाऊस तोंडावर. छप्पर उघडं ठेवून सर्व्हेअरची वाट कोण बघणार? आणि बघायचीही नसते. नुकसान वाढू नये म्हणून काळजी घेणं हे पॉलिसीतच मालकाचं काम म्हणून लिहिलेलं असतं. म्हणून आधी फोटो, मग ताडपत्री. घराच्या चारही बाजूंनी बाहेरून, मग प्रत्येक खोली आतून, मोडलेल्या वाशाला टेप लावून. फोन चार्ज केला शेजारच्या जीपच्या बॅटरीवर. ताडपत्रीची पावती घेतली. मोडलेलं आढं गड्याने चुलीसाठी फोडायला घेतलं होतं, ते मी ओढून परसात ठेवायला लावलं. तो हसला. सर्व्हेअरने पुढे त्याच आढ्याची लांबी-जाडी मोजून घेतली.

सर्व्हेअर लॉकडाउनमुळे आधी फोटोंवरच बोलला, मग आला. माणूस सभ्य, पण त्याच्या कागदाला आकडे लागतात. 'छप्पर दुरुस्ती, अंदाजे दोन लाख' असल्या अंदाजपत्रकाचा उपयोग शून्य. वासे किती फूट, रिपा किती, कौलं किती नग, मजुरी वेगळी, असं लागतं. आमचे सुतार हिशेब कॅलेंडरच्या पाठीमागे लिहितात. मी त्यांना समोर बसवून सगळं फुलस्केपवर उतरवलं आणि सही घेतली. वादळानंतर कौलांचे, पत्र्यांचे भाव चढले होते, म्हणून दुकानाचं कोटेशनही जोडलं.

जांभ्याच्या भिंती आणि मंगलोरी कौलं म्हणजे पक्कं घर, त्यावर वाद झाला नाही. झावळ्यांनी शाकारलेली मागची पडवी मात्र कच्चं बांधकाम म्हणून क्लेममधून गेली. फ्रिज, गाद्या, माळ्यावरचा तांदूळही गेला, कारण बँकेने विमा फक्त इमारतीचा काढला होता. वाडी तर घराच्या विम्यात कधीच नसते.

खरी काट बसली ती विमा रकमेवर. बँकेने कर्जाएवढ्याच रकमेचा विमा उतरवला होता. समजा घर नव्याने बांधायला 20 लाख लागतात आणि विमा 10 लाखांचा आहे, तर 2 लाखांच्या नुकसानीला 1 लाखच मिळतो. अर्धं घर तुम्ही स्वतःच्या जोखमीवर ठेवलंत, असा त्याचा अर्थ. मला हा नियम अजून पटलेला नाही, कारण रक्कम ठरवताना आम्हाला कुणी विचारलं होतं? 1 एप्रिल 2021 पासून 'भारत गृह रक्षा' ही ठरावीक पॉलिसी आली, तिच्यात ही काट नाही आणि सामानही इमारतीच्या रकमेच्या 20 टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त 10 लाख, आपोआप येतं. जुनी पॉलिसी चालू असेल तर बदलून घ्या. पर्यटकांना खोल्या देत असाल तर तसं सांगूनच घ्या. ही राहत्या घराची पॉलिसी आहे.

आणि असेसमेंट उतारा, म्हणजे ग्रामपंचायतीतली घराची नोंद! तो अजून सासऱ्यांच्या नावावर. ते जाऊन किती वर्षं झाली. वारसांची संमती, स्टॅम्पपेपर, श्रीवर्धनच्या चकरा. पैसे मंजूर होऊनही त्यातच अडकले. कोकणात हे घराघरात आहे. पावसाळ्याआधी नावं लावून घ्या.

शेजारच्या काकांचा क्लेम कंपनीने साफ नाकारला. त्यांनी आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी दिलं, महिनाभर थांबले, मग विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, गेले. फी नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत जावं लागतं.

मुंबईकरांसाठी एक. जुन्या फायर पॉलिसीत घर 30 दिवसांहून अधिक बंद राहिलं तर संरक्षण थांबतं, अशी अट आहे. गणपतीला उघडून शिमग्यापर्यंत कुलूप लावणाऱ्यांनी कंपनीला तसं लेखी कळवून, त्यांची संमती पॉलिसीवर नोंदवून घ्यावी. एजंट फोनवर 'चालतं हो' म्हणाला, तर त्याला तेच मेलवर लिहून पाठवायला सांगा.