केशरी बटण

1 जुलै 1979 रोजी जपानात विक्रीला आलेल्या सोनीच्या पहिल्या वॉकमनवर, म्हणजे चालता चालता कॅसेट ऐकायच्या छोट्या यंत्रावर, एक केशरी बटण होतं. ते दाबलं की गाणं थांबायचं नाही, नुसतं मागे सरायचं, आणि यंत्रातल्या छोट्या मायक्रोफोनमधून बाहेरचं बोलणं कानात यायचं. बटणाचं नाव ‘हॉटलाइन’. शिवाय हेडफोनची पिन घालायला एक नव्हे, दोन भोकं. सुरुवातीच्या काही नगांवर त्या भोकांपाशी ‘गाइज’ आणि ‘डॉल्स’ असं चक्क छापलेलं होतं. म्हणजे कल्पना अशी, की दोघांनी एकाच यंत्राला तारा जोडायच्या, आणि मधेच काही बोलावंसं वाटलं तर कानावरचं काही न काढता बटण दाबून बोलायचं.

या व्यवस्थेमागचं कारण सोनीचे एक संस्थापक अकिओ मोरिता यांनी आपल्या आठवणींत सांगून ठेवलंय. नमुन्याचं यंत्र घरी नेऊन ते वेगवेगळी गाणी लावून बघत बसले, आणि पत्नी वैतागली. तिला त्या ऐकण्यात जागाच नव्हती. चार माणसांत बसून एकट्यानंच गाणं ऐकणं उद्धटपणाचं दिसेल अशी मोरितांना धास्ती वाटली, म्हणून दुसरं भोक आलं. लोकांनी ही धास्ती फार मनावर घेतली नाही. एकाच यंत्रात दोघांनी ऐकण्यापेक्षा ज्यानं त्यानं स्वतःचा वॉकमन घेतला. पुढच्या मॉडेलांतून आधी केशरी बटण गेलं, मग यथावकाश दुसरं भोकही.

गाणी वाजवणाऱ्या यंत्रांचा इतिहास बहुतेक वेळा आकाराचा इतिहास म्हणून सांगतात. आधी कपाटाएवढं होतं, मग खिशात मावलं, मग कानात. मला तो माणसं मोजत वाचायला आवडतो. एका यंत्राभोवती किती जण, हा प्रश्न धरून बसलं की फार गमतीची माहिती हाती लागते.

आता वॉकमनचंच बघा. त्यात नवीन असं काय होतं? पत्रकारांसाठी कंपनीनं आधीच केलेला ‘प्रेसमन’ नावाचा छोटा टेपरेकॉर्डर होता. त्यातली रेकॉर्डिंगची यंत्रणा काढली, स्पीकर काढला आणि त्या जागी स्टिरिओ बसवलं. कंपनीचे दुसरे संस्थापक मासारु इबुका यांना लांबच्या विमानप्रवासात गाणी ऐकायची होती, एवढंच निमित्त. रेकॉर्ड न करणारा टेपरेकॉर्डर घेणार कोण, असा प्रश्न कंपनीतल्याच लोकांनी विचारला होता आणि तो मुळीच वेडगळ नव्हता. पहिल्या खेपेला 30,000 नग काढले, त्यातले पहिल्या महिन्यात जेमतेम 3,000 खपले. ऑगस्ट संपेपर्यंत सगळे संपले. माझ्या मते खरा शोध यंत्रापेक्षा हेडफोनात होता. तोवरचे हेडफोन डोक्यावर ओझं घेतल्यासारखे, तीनचारशे ग्रॅमचे. यांनी ते पन्नास ग्रॅमच्या आत आणले. यंत्र कितीही लहान केलं असतं आणि डोक्यावर जुनंच धूड ठेवलं असतं, तर चालताना कुणी ते वापरलं नसतं.

पण या कहाणीत आणखी एक माणूस आहे. आंद्रेआस पावेल. जर्मनीत जन्मलेला, ब्राझीलमध्ये वाढलेला. 1972 साली स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरिट्झजवळच्या जंगलात, आपल्या मैत्रिणीबरोबर, त्यानं अंगावर बाळगायच्या स्टिरिओचा पहिला प्रयोग केला. पुढे अनेक कंपन्यांची दारं ठोठावली. डोक्यात गाणी घेऊन रस्त्यानं हिंडायला कुणाला हवंय, असं त्याला ऐकवलं गेलं. 1977 मध्ये त्यानं इटलीत ‘स्टिरिओबेल्ट’ नावानं पेटंटसाठी अर्ज केला. मग वॉकमन आला आणि त्यानंतर पंचवीसेक वर्षं हा माणूस कोर्टकचेऱ्यांत होता. ब्रिटनमधल्या न्यायालयानं त्याच्या विरुद्ध निकाल दिला, खर्चाचा बोजा अंगावर आला, तरी तो हटला नाही, आणि शेवटी न्यायालयाबाहेर तडजोड झाली. मला मात्र त्या निकालापेक्षा पहिल्या प्रयोगाचं अप्रूप जास्त. एकट्यानं ऐकायच्या यंत्राची पहिली चाचणीसुद्धा माणसाला जोडीनं करावीशी वाटली.

आणखी मागे गेलं तर एकट्यानं ऐकायचं की सोबतीनं, ही खेच पहिल्यापासून दिसते. एडिसनचा फोनोग्राफ, म्हणजे आवाज भरून पुन्हा ऐकवणारं यंत्र, 1877 चा. त्यानंतर बारा वर्षांनी, 1889 मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका दारूच्या गुत्त्यात लुई ग्लास या गृहस्थानं नाणं टाकून वाजणारा फोनोग्राफ ठेवला. आवाज मोठा करायची सोय नव्हती, म्हणून यंत्राला डॉक्टरच्या स्टेथोस्कोपसारख्या चार नळ्या. प्रत्येक नळीला वेगळं नाणं, पाच सेंटचं. चार अनोळखी माणसं एका यंत्राला कान लावून तेच गाणं ऐकतायत आणि बाकीच्या गुत्त्याला त्यातलं काही ऐकू येत नाहीये, हे दृश्य डोळ्यांसमोर आणलं की हेडफोन ही आधुनिक काळाची एकलकोंडी खोड आहे वगैरे म्हणणाऱ्यांची कीव येते. हेडफोनाचं मूळ कर्ण्याहून फार नंतरचं नाही.

मग कर्णा मोठा झाला, एमिल बर्लिनरची सपाट तबकडी आली आणि गाणं घरातल्या सगळ्यांचं झालं. 1925 मध्ये चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी तारेचं वेटोळं आणि कागदी शंकू असलेला विजेचा लाउडस्पीकर सिद्ध केला. आजही घरातल्या बहुतेक स्पीकरांच्या पोटात मुळात तीच रचना असते. विजेबरोबर आलं आवाज कमीजास्त करायचं गोल बटण. या बटणाकडे कुणी नीट बघत नाही, पण त्यात बरीच अक्कल आहे. आपला कान सरळ हिशेब करत नाही. आवाज दुप्पट मोठा वाटायला ताकद दुप्पट करून भागत नाही, साधारण दहापट करावी लागते. बटणात विजेला होणारा विरोध समान टप्प्यांनी बदलला असता तर पहिल्या पाव वळणातच सारा धुमाकूळ होऊन पुढचं वळण नुसतंच फिरत राहिलं असतं. म्हणून आतली पट्टीच वाकड्या हिशेबाची बनवतात, सुरुवातीला हळू आणि पुढे झपाट्यानं बदलणारी, म्हणजे कानाला ती सरळ वाटते. घरात “थोडा कमी कर” म्हटल्यावर तो खरोखर थोडाच कमी होतो, तो या वाकड्या पट्टीमुळे. समोरच्याला तो थोडा वाटत नाही हा वेगळा प्रश्न, त्याला पट्टी काही करू शकत नाही.

घरभर गाणं झाल्यावर घरातल्या धाकट्यांना ते घराबाहेर न्यावंसं वाटणं ओघानंच आलं. 1954 च्या अखेरीस अमेरिकेत रीजन्सी टीआर-1 हा चार ट्रान्झिस्टरांचा खिशातला रेडिओ आला. 1963 मध्ये फिलिप्सची कॅसेट आली. तिचे कर्ते लू ओटन्स यांनी म्हणे आधी लाकडाचा एक ठोकळा कोटाच्या खिशात घालून बघितला होता आणि यंत्र एवढंच झालं पाहिजे म्हणून सांगितलं होतं. कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर इतकी सावकाश सरकते, त्यामुळे तिच्या मागे तो कायमचा ‘स्स्स’ आवाज, आणि तो दाबायला रे डॉल्बींची युक्ती. फीत यंत्रात गुंतली की पेन्सिल घालून गुंडाळायची, हे मात्र कुठल्या पुस्तिकेत लिहिलेलं नसताना जगभरच्या लोकांना सारखंच सुचलं. सीडीच्या वाटेला फार जात नाही. ती घरात शहाणी आणि रस्त्यावर वेंधळी. चालताना हिसका बसला की तिला वाचणाऱ्या लेसर किरणाची वाट चुकायची. उपाय असा काढला की यंत्रानं काही सेकंद पुढचं आधीच वाचून ठेवायचं आणि साठ्यातलं वाजवायचं, तोवर किरणानं आपली जागा शोधायची.

गाणी कमी जागेत साठवायच्या एमपी-थ्री या पद्धतीनं मात्र वेगळाच प्रकार केला. कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेतले त्यांचे सहकारी यांनी यंत्राऐवजी कानाचा अभ्यास पुढे नेला. मोठ्या आवाजाच्या शेजारचा, जवळच्याच सुराचा बारीक आवाज कानाला ऐकूच येत नाही. मग तो साठवायचा कशाला? सीडीवर सेकंदाला 1,411 किलोबिट खर्च होतात, नेहमीच्या एमपी-थ्रीत 128. अकरातले दहा भाग टाकून दिले तरी बहुतेकांना पत्ता लागत नाही. हा शोध यंत्राचा जितका, तितकाच आपल्या कानाच्या बेफिकिरीचा. सुझान व्हेगा या गायिकेच्या, वाद्यांची सोबत नसलेल्या आवाजानं त्यांना फार छळलं असं सांगतात. साहजिकच आहे. आडोशाला दुसरा आवाजच नाही तर काटछाट लपवणार कुठे?

1998 मध्ये पहिला एमपी-थ्री प्लेअर आला तेव्हा त्यात 32 मेगाबाइट, म्हणजे अर्ध्या तासाची गाणी मावायची. तीनच वर्षांत, 23 ऑक्टोबर 2001 ला, अॅपलच्या आयपॉडनं हजार गाणी खिशात घातली. त्यासाठी लागणारी 1.8 इंची हार्ड डिस्क तोशिबानं बनवून ठेवली होती, तिचं नेमकं करायचं काय हे त्यांना अजून ठरवता आलं नव्हतं. आणि आता एका माणसाच्या खिशात हजार गाणी, पूर्ण स्वातंत्र्य, कुणाची लुडबुड नाही. तर त्यानं काय केलं? शफल लावलं. पुढचं गाणं दुसऱ्या कुणीतरी निवडावं! रेडिओवरच्या निवेदकाची जागा रिकामी झाली होती, ती त्यानं यंत्राला दिली. गंमत पुढेच आहे. एकाच गायकाची दोन गाणी लागोपाठ आली की लोक तक्रार करू लागले, हे काही खरं शफल नव्हे. वास्तविक खऱ्या नशिबाच्या खेळात अशा जोड्या येतातच. शेवटी 2005 मध्ये अॅपलनं अशा जोड्या कमी करायची सोय दिली. निवड जरा कमी बेभरवशाची केली, तेव्हा कुठे ती लोकांना पुरेशी बेभरवशाची वाटली.

खिशाचा विषय निघालाय तर तारांचा गुंता सोडून चालणार नाही. 2007 मध्ये डोरियन रेमर आणि डग्लस स्मिथ या दोघा अमेरिकी शास्त्रज्ञांनी डब्यात दोरी घालून तो डबा हजारो वेळा फिरवून बघितला. काही सेकंदांत गाठी पडतात आणि जवळपास 46 सेंटिमीटरपेक्षा आखूड दोरीला मात्र पडत नाहीत, असं त्यांना दिसलं. इअरफोनची तार याच्या दुपटीहून जास्त लांब असते. म्हणजे आपली चूक नव्हती.

तार गेली ती गाठींसकट गेली, आणि तिच्याबरोबर एक इअरफोन तू घे, एक मी, हेही बरंचसं गेलं. बिनतारी जोडणीत एका फोनचा आवाज एकाच जोडीला, असा रिवाज पडला. तो मोडायला पुन्हा शोध लावावे लागले. 2017 पासून काही फोनांना दोन जोड्या जोडता येऊ लागल्या, आणि 2022 मध्ये ‘ऑराकास्ट’ नावानं ब्लूटूथची अशी सोय जाहीर झाली की एका यंत्राचा आवाज हव्या तितक्या लोकांनी आपापल्या कानात घ्यावा.

केशरी बटणाचंही तेच. बाहेरच्या आवाजाची उलटी लहर तयार करून तो आवाज खोडून काढायची कल्पना पॉल ल्यूग यांच्या 1936 च्या अमेरिकी पेटंटात आहे. अमर बोस यांना 1978 च्या एका विमानप्रवासात ती हेडफोनसाठी सुचली आणि 1989 पासून वैमानिकांच्या कानावर चढली. इंजिनाची एकसुरी घरघर अशा हेडफोनात छान नाहीशी होते, कारण पुढच्या क्षणी ती कशी असेल याचा अंदाज करता येतो. शेजारच्या आसनावरचं रडणारं पोर मात्र तसं सहजी खोडता येत नाही, त्याचा पुढचा सूर कुणाला सांगता आलाय? जग बाहेर ठेवायला हे सगळे मायक्रोफोन लावून झाले, आणि नंतर त्याच मायक्रोफोनांतून जग पुन्हा आत घ्यायची सोय आली. आता काही हेडफोन घालणारा बोलू लागला की गाणं आपोआप थांबवतात. बटणाचीही गरज नाही. फक्त गाण्याबरोबर गुणगुणायची खोड असेल तर यंत्राला वाटतं आपण कुणाशी तरी बोलतोय, आणि ऐन समेला गाणं गप्प होतं.

घरातल्या स्पीकरांची अडचण याच्या उलट आहे. तिथे एकच गाणं चार खोल्यांत एकदम वाजायला हवं. ऐकायला सोपं वाटतं, पण प्रत्येक स्पीकरात स्वतःचं स्फटिकाचं घड्याळ असतं आणि कुठलीही दोन घड्याळं तंतोतंत जुळत नाहीत. दहा लाखांत पन्नासचा फरक धरला तरी तासाला जवळपास पावणेदोनशे मिलिसेकंद होतात. तीस-चाळीस मिलिसेकंदांच्या पुढे कानाला प्रतिध्वनी जाणवू लागतो, म्हणजे दहाबारा मिनिटांत स्वयंपाकघरातली गायिका दिवाणखान्यातल्या गायिकेच्या मागे पडणार. म्हणून हे स्पीकर आपसांत सतत वेळ विचारत असतात आणि आवाजाचा एखादा कण वगळून किंवा वाढवून एकमेकांना धरून राहतात. हवा मात्र या कराराला बांधील नाही. दहा मीटरवरच्या स्पीकरचा आवाज आपल्यापर्यंत यायला तीसएक मिलिसेकंद लागतातच.

आणि एवढं सगळं जुळवून गाणं लावायचं कोणी? 1955 मध्ये युजीन पॉली यांनी टीव्हीवरच्या जाहिराती गप्प करायला प्रकाशाचा रिमोट काढला, तेव्हा घरात तो एकच असायचा. आता घरातल्या ज्याच्या हातात फोन आहे त्याच्या हातात रिमोट आहे. बहुतेक अॅपमध्ये कुणालाही रांगेत आपलं गाणं घालता येतं. दुसऱ्यानं घातलेलं गाणं रांगेतून खाली सरकवायची सोयही सगळ्यांनाच दिलेली असते.